जुन्या गाडीत नवा आवाज : जपणुकीचा जमाखर्च

व्यापारी घराण्यांत जुन्या वह्या आणि जुने तराजू जपले जातात, दागिन्यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या राहते. जुन्या मोटारीच्या वाट्याला मात्र हे भाग्य क्वचित येते. दुकान वाढले, नवी गाडी आली की जुनी गाडी कोठाराच्या एका कोपऱ्यात उभी राहते. तिच्यावर प्रथम धूळ, मग पोती आणि शेवटी विस्मरण साचते. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर चाकूर आहे, पुढे अहमदपूर आणि लोहा. या पट्ट्यातील मोंढ्यांशी जोडलेल्या घरांना फियाट, अॅम्बेसेडर आणि जीप ही नावे नवी नाहीत. गावोगावचा माल पाहणे, वसुली, लग्नकार्य आणि तीर्थयात्रा अशी सारी कामे या गाड्यांनी केली.

अलीकडे काही घरांतून अशी गाडी पुन्हा चालती करण्याची इच्छा दिसते. इंजिन उघडले जाते, रंग दिला जातो, गादीचे कापड बदलले जाते. त्यानंतर घरातील तरुण पिढी एक साधी मागणी पुढे करते : गाडीत गाणी हवीत. मागणी लहान असली तरी तिच्या पूर्ततेत जुन्या गाडीचे सर्वाधिक नुकसान होऊ शकते. करवत घेऊन पाच मिनिटांत कापलेला डॅशबोर्ड पुढे पन्नास वर्षे कापलेलाच राहतो. उलट, संगीताला सरसकट नकार दिला तर गाडीत बसायला कोणी उत्सुक राहत नाही आणि न वापरलेली गाडी कोठारातच गंजते. या दोन टोकांमधली वाट कोणती, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

सोलापूरच्या घराण्याचा वारसा

फियाटचा विचार करताना जैन समाजाला एक जवळचे नाव आठवणे स्वाभाविक आहे. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथील दिगंबर जैन व्यापारी घराण्यात झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत देशी उद्योग उभारण्याची आकांक्षा बाळगणारा असा उद्योजक त्या काळी दुर्मीळ होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रारंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या तेथे तयार होत. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि फियाट ११०० मराठी घरांत पोहोचली. वालचंद शेठजी १९५३ मध्ये निवर्तले. फियाटची खरी भरभराट त्यांना पाहता आली नाही.

पुढे याच गाडीचे नाव प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर चितोडच्या राणीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी असे झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगशेजारचा गिअर आणि पुढची सलग गादी ही तिची ओळख होती. मुंबईत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालची. टॅक्सींना असलेली वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. म्हणजे सोलापूरच्या एका जैन घराण्याच्या स्वप्नातून निघालेली ही गाडी आता खासगी मालकांनी जपली तरच दिसणार आहे. तिच्या डॅशबोर्डला भोक पाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

गाडीतील संगीत तितके नवे नाही

जुन्या गाडीत ध्वनियंत्र म्हणजे परंपरेचा भंग, असे काही शुद्धतावादी मानतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा मोटार-रेडिओ आला. त्याचे वजनच सुमारे १५ किलो होते. हे सारे रेडिओ वाल्व्हचे असत. बॅटरीच्या अल्प दाबाचे उच्च दाबात रूपांतर करण्यासाठी त्यांच्यात गुणगुणणारा व्हायब्रेटर बसवलेला असे. १९५५ मध्ये पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ क्रायस्लरच्या गाडीत आला. त्याच कंपनीने १९५६ मध्ये चालत्या गाडीत तबकडी वाजवण्याचाही प्रयोग केला. खास संथ गतीने फिरणाऱ्या तबकड्या त्यासाठी काढल्या गेल्या, परंतु तो प्रयोग फार काळ टिकला नाही. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि पुढच्या दोन दशकांत ती मोटारीतही स्थिरावली.

भारतात १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. रेडिओ संचासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागण्याचा तो काळ होता. पुढे कॅसेटचे दिवस आले, तेव्हा मागच्या काचेखालच्या फळीवर दोन मोठे लंबगोल स्पीकर दिसणे हे संपन्नतेचे लक्षण मानले जाई. अनेक फियाट आणि अॅम्बेसेडर गाड्यांची ती फळी तेव्हाच कापली गेली. तात्पर्य, प्रत्येक पिढीने गाडीत आपापल्या काळाचा आवाज आणला. या पिढीने तो आणू नये असे म्हणता येत नाही. पूर्वीच्या पिढ्यांनी ज्या खुणा मागे ठेवल्या तशा आपण ठेवू नयेत, एवढेच म्हणता येते.

प्रथम विजेचा ताळेबंद

ध्वनियंत्राच्या दुकानात सर्वप्रथम आवाजाची चर्चा होते. प्रत्यक्षात ती सर्वांत शेवटी व्हावयास हवी. दुकान चालवणारा मनुष्य उत्पन्न पाहिल्याशिवाय खर्च ठरवत नाही. गाडीतील विजेलाही हाच न्याय लागू आहे.

आजच्या गाडीत अल्टरनेटर असतो. तो इंजिन संथ चालतानाही पुरेशी वीज देतो. साठच्या दशकातील गाडीत सामान्यतः डायनॅमो असतो. छोट्या गाडीचा डायनॅमो पूर्ण वेगात असताना साधारण २०० वॉट वीज देतो आणि गाडी उभी असताना, इंजिन संथ चालू असताना, जवळजवळ काहीच देत नाही. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूस रात्रीच्या प्रवासात समोरचे दोन दिवे ४५ वॉटचे धरले तर ९० वॉट, मागचे दिवे, नंबर पाटीचा दिवा आणि डॅशबोर्डवरील दिवे मिळून सुमारे २५ वॉट, इग्निशन कॉइलला सुमारे ३५ वॉट. एकूण खर्च १५० वॉट झाला. उरलेल्या ५० वॉटमधून ब्रेकचे दिवे, वायपर आणि हॉर्न चालवायचे, शिवाय बॅटरीही भरायची. ब्रेक दाबताच २१ वॉटचे दोन दिवे लागतात. म्हणजे शिल्लक तेथेच संपते.

आता ध्वनियंत्राच्या खोक्यावर छापलेला आकडा पाहावा. सामान्य कार स्टिरिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ असे ठळक लिहिलेले असते. त्याच यंत्राच्या पाठीमागे बहुधा १० अँपियरचा फ्यूज असतो. चालत्या गाडीतील १४ व्होल्टचा हिशेब धरला तरी १० अँपियरमधून १४० वॉटच आत जातात. मग बाहेर २०० वॉट निघतील कसे? खोक्यावरचा आकडा क्षणिक शिखराचा असतो. सातत्याने मिळणारी शक्ती दर स्पीकरमागे १५ ते २० वॉट इतकीच असते. जाहिरात आणि ताळेबंद यांतील हा फरक व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

सुदैवाने जुन्या गाडीला याहून अधिकाची आवश्यकताच नसते. पहिला उपाय म्हणजे क्लास-डी प्रकारचा छोटा अॅम्प्लिफायर. जुन्या पद्धतीचा अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ अर्धी उष्णतेत घालवतो. क्लास-डी प्रकारात सुमारे ८५ टक्के वीज आवाजापर्यंत पोहोचते. दुसरा उपाय स्पीकरच्या निवडीत आहे. प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता डेसिबलमध्ये दिलेली असते. ८९ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. म्हणजे मोठा अॅम्प्लिफायर विकत घेण्यापेक्षा काटकसरी स्पीकर घेणे केव्हाही शहाणपणाचे.

तिसरा उपाय सर्वांत सुरक्षित आहे. गाडीच्या वायरिंगला हातही न लावता एक छोटी स्वतंत्र बॅटरी ठेवावी. घरच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यात ८४ वॉट-तास वीज साठते. तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच वापरली तरी सरासरी १० वॉट घेणारे ध्वनियंत्र चार तास चालते. घरी आल्यावर ती काढून भरता येते. जुन्या वायरिंगविषयी शंका असेल तेथे हाच मार्ग पत्करावा.

पॉझिटिव्ह अर्थचा धोका

विजेच्या प्रमाणाइतकेच तिच्या दिशेकडेही लक्ष हवे. आज सर्व गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. जुन्या काळातील अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत मात्र धन टोक बॉडीला जोडलेले असे आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील सुरुवातीच्या अॅम्बेसेडर गाड्याही त्याच पद्धतीच्या होत्या. अशा गाडीत नवे यंत्र नेहमीप्रमाणे स्क्रूने पत्र्यावर बसवले तर यंत्राचे ऋण असलेले बाह्यांग धन असलेल्या बॉडीला टेकते आणि काही क्षणांत वायर तापते. अँटेनाच्या किंवा मोबाइल चार्जरच्या धातूच्या भागातूनही हेच घडू शकते.

यावर दोन मार्ग आहेत. एक, यंत्र लाकडी किंवा रबरी बैठकीवर पूर्णपणे अलग ठेवून मधे आयसोलेटेड कन्व्हर्टर वापरणे. दुसरा, जाणत्या मोटार इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण गाडीची दिशा बदलून घेणे. त्यात बॅटरीची टोके बदलतात, डायनॅमोला नव्या दिशेची चुंबकीय सवय लावावी लागते आणि अॅमीटरच्या वायरी उलट कराव्या लागतात. हे काम अशक्य नाही, पण ते अर्धवट माहितीवर करू नये. जुन्या विलीज जीपची स्थिती आणखी निराळी. तिची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची असते. तेथे दाब वाढवणारा कन्व्हर्टर तरी हवा, नाहीतर वर सांगितलेली स्वतंत्र बॅटरी तरी.

कोणताही मार्ग घेतला तरी नवी वायर जुन्या वायरीला मधेच सोलून जोडू नये. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी वाळून ठिसूळ झालेल्या असतात. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणावी, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा आणि पेट्रोलच्या नळीपासून ती दूर न्यावी. डायनॅमोमुळे येणारी घरघर थांबवण्यासाठी कंडेन्सर लावतात. तो डायनॅमोच्या मुख्य टोकाला लावावा, फील्डच्या टोकाला नव्हे. तेथे लावल्यास रेग्युलेटरचे संपर्कबिंदू जळतात.

धान्याच्या कोठाराशेजारी उभी राहणारी गाडी म्हटली की उंदीर आलेच. त्यांना वायरीच्या वेष्टणाचे मोठे आकर्षण असते. सर्व वायरी पन्हळी नळीतून नेल्या आणि पत्र्यातील मोकळी छिद्रे रबरी बुचांनी बंद केली, तर वायरीही वाचतात आणि विष ठेवण्याची वेळही येत नाही.

दिसू नये, परंतु ऐकू यावे

आता प्रश्न जागेचा. आजच्या प्रमाणित कार स्टिरिओचे तोंड १८० बाय ५० मिलिमीटरचे असते. जुन्या रेडिओला मात्र दोन गोल बटणे आणि मधे लहान पट्टी एवढीच जागा लागे. म्हणूनच नवा स्टिरिओ बसवताना पत्रा कापला जातो. वस्तुतः आज त्या तोंडाची गरजच राहिलेली नाही. गाणी मोबाइलमध्ये असतात आणि ब्लूटूथ असलेला तळहाताएवढा अॅम्प्लिफायर गादीखाली बसतो. डॅशबोर्डखाली, गुडघ्याच्या उंचीवर, जुन्या वळणाचे एकच बटण आवाज कमी-अधिक करण्यासाठी असले की पुरे.

गाडीत मूळचा रेडिओ असेल तर तो जागचा हलवू नये. बंद पडलेला असला तरी तो गाडीच्या चेहऱ्याचा भाग आहे. त्याचे अंतरंग काढून त्यात नवे यंत्र बसवणारे कारागीर आहेत. परंतु चालू स्थितीतील वाल्व्ह-रेडिओ यासाठी रिकामा करणे म्हणजे जुनी वही फाडून तिच्या पुठ्ठ्यात नवे कागद बांधणे होय. हौसच असेल तर जुन्या बाजारातून बिघडलेला रेडिओ आणावा आणि त्यावर हा प्रयोग करावा. परदेशांत तर खुद्द गाडी-उत्पादकांनीच यात लक्ष घातले आहे. पोर्शे कंपनीने २०२० मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्याच आकारात बसणारे, जुन्या वळणाच्या बटणांचे आधुनिक यंत्र बाजारात आणले.

स्पीकरच्या बाबतीत आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : या गाडीत ऐकले काय जाणार? स्तवने, भजने, भावगीते, नाट्यगीते, एखादे प्रवचन अशी यादी असेल, तर त्यांचा प्राण मानवी आवाजात आहे आणि शब्दांची स्पष्टता मुख्यतः ३०० ते ३,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते. हा पट्टा तीन-चार इंचांचा चांगला स्पीकर उत्तम पेलतो. जमीन हादरवणारा मोठा वूफर तेथे निरुपयोगी आहे, आणि सैल झालेल्या जुन्या पत्र्याचा खडखडाट तो वाढवतो तो निराळाच.

उच्च स्वर सरळ रेषेत प्रवास करतात, म्हणून ते कानाच्या दिशेने यावे लागतात. डॅशबोर्डखाली वरच्या दिशेने तिरका बसवलेला छोटा स्पीकर समोरच्या काचेवरून आवाज परावर्तित करतो आणि कोठून आवाज येतो हे कळतही नाही. मूळच्या एकाच स्पीकरची जाळी डॅशबोर्डवर असेल तर तिच्यामागे दोन कॉइलचा स्पीकर बसतो. डावा आणि उजवा असे दोन्ही प्रवाह त्या एकातूनच ऐकू येतात. खर्जाची थोडी भर हवी असल्यास पुढच्या सलग गादीखालच्या पोकळीत चपटी पेटी ठेवता येते. खर्जाला दिशा नसते. त्यामुळे तेथून आलेला आवाजही पुढून आल्यासारखा भासतो.

दरवाजात स्पीकर हवेच असतील तर मूळचे अस्तर कापू नये. त्याच मापाचे दुसरे अस्तर करून घ्यावे, भोक त्याला पाडावे आणि मूळचे अस्तर कापडात गुंडाळून सपाट ठेवून द्यावे. मागची फळी पूर्वीच कापलेली असेल तर त्याच जागेचा उपयोग करावा. मात्र मराठवाड्याच्या उन्हात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा मागच्या काचेखाली कागदी स्पीकर फार दिवस टिकत नाही. तेथे प्लॅस्टिकच्या पडद्याचा घ्यावा. लिथियमची बॅटरी तर बंद गाडीत उन्हात कधीही ठेवू नये.

आणखी एक बाब बहुधा विसरली जाते. जुन्या गाडीत संगीत ऐकू येत नाही, याचे कारण पुष्कळदा संगीत क्षीण आहे हे नसते. गाडीचाच गोंगाट मोठा असतो. दरवाजांचे रबर बदलले, सैल स्क्रू आवळले आणि पायाखाली जाड नमदा अंथरला, तर निम्मे काम विनाखर्च साधते. डांबरी चादर पत्र्याला चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. पावसाळ्यात तिच्याखाली ओल धरते, गंज दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तळ गेलेला असतो.

उलट फिरवता येईल असेच करावे

जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिव्हा’ या नावाने ओळखली जाते. तिने २०१२ मध्ये जुन्या वाहनांच्या जपणुकीची तत्त्वे स्वीकारली. ती ट्युरिनची सनद म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यातील एका तत्त्वाचा आशय असा : नंतरच्या काळातील कोणताही बदल संयत असावा, मूळ रचनेला आणि रूपाला बाधा आणणारा नसावा, आणि तो उलट फिरवता यावा. मंदिराच्या जीर्णोद्धाराची कामे जवळून पाहिलेल्या समाजाला हे तत्त्व नवे वाटणार नाही. जुन्या दगडावर छिन्नी चालवण्यापूर्वी जितका विचार होतो, तितकाच येथेही व्हावा.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. नवे भोक पाडू नये. गादीचे, पेडलचे किंवा डॅशबोर्डचे जे स्क्रू आधीच आहेत त्यांच्याच आधाराने पट्ट्या बसवाव्यात. गोंदाऐवजी पट्टा आणि शिकंजा वापरावा. कामापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे. काढलेला प्रत्येक भाग, मग ती साधी झाकणपट्टी का असेना, नाव लिहून पिशवीत ठेवावा. कोणती वायर कोठून कोठे गेली, कोणता फ्यूज किती अँपियरचा, हे एका वहीत लिहावे. आज काम करणारा मिस्त्री दहा वर्षांनी भेटेलच असे नाही. वही मात्र राहते.

नियम आणि विमा

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापरातील दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यांत येतात. अट अशी, की वाहन मूळ रूपात असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा वाहनाला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. ध्वनियंत्राचा उल्लेख या नियमांत नाही. गादीखाली ठेवलेल्या अॅम्प्लिफायरने चेसिस किंवा बॉडी बदलत नाही. पण तळाचा किंवा मागचा पत्रा कापून मोठी पेटी बसवली, तर मूळ रूपाचा प्रश्न तपासणीत उपस्थित होऊ शकतो.

या नोंदणीची एक मर्यादा लक्षात घ्यावी. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. लग्नाच्या वरातीसाठी ती भाड्याने देण्याचा विचार असल्यास तो या नोंदणीत बसत नाही. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, गाडी कितीही जुनी असली तरी.

विम्याच्या बाबतीतही आळस करू नये. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमाकिंमत मालक आणि विमा कंपनी यांच्या सहमतीने ठरते. तेव्हा मूल्यांकनाचा कागद, छायाचित्रे आणि दुरुस्तीच्या पावत्या हाताशी असाव्यात. कारखान्याने न बसवलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत स्वतंत्र नमूद करावी लागतात आणि त्यांचा हप्ता वेगळा असतो. ती नमूद केली नाहीत आणि पुढे वायरिंगमधून आग लागली, तर दाव्याच्या वेळी वाद उद्भवतो. वाचवलेला हप्ता त्या वादाच्या मानाने फार लहान असतो.

कामाचा क्रम

संगीताच्या उत्साहात एका गोष्टीचा विसर पडू नये. फियाट किंवा जीप यांचे ब्रेक ड्रमचे असतात, पायाला जोर लावावा लागतो आणि गाडी थांबायला आजच्या गाडीहून अधिक अंतर लागते. लातूर-नांदेड मार्गावर आज जी वाहने ज्या वेगाने धावतात, त्यांची कल्पना ही गाडी घडवणाऱ्यांना नव्हती. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे आणि चालकाचा हात मोबाइलकडे जाता कामा नये. गाणी लावण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. चालकाच्या वाट्याला आवाजाचे एकच बटण पुरे.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा : प्रथम ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, त्यानंतर वायरिंग आणि दिवे, मग बॅटरी आणि डायनॅमोची तपासणी, आणि सर्वांत शेवटी ध्वनियंत्र. पहिल्या तीन बाबींवर पैसा उरला नाही, तर ध्वनियंत्र पुढच्या वर्षावर ढकलावे. तोपर्यंत गादीवर ठेवलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर त्या गाडीला पुरेसा असतो. त्याला ना भोक लागते, ना वायर.

ज्या घरात हा क्रम पाळला जातो तेथे जुन्या गाडीचे दोन्ही हेतू साधतात. आजोबांना गाडी ओळखीची वाटते, कारण डॅशबोर्ड त्यांनी पाहिला तसाच आहे. नातवंडांना ती परकी वाटत नाही, कारण त्यांची गाणी तेथे आहेत. आणि ज्यांना हे ध्वनियंत्र नको असेल अशी पुढची पिढी आली, तर एका दुपारी चार स्क्रू सोडून ते बाहेर काढता येईल आणि वहीत लिहिलेल्या पिशवीतून मूळची झाकणपट्टी परत जागेवर बसवता येईल.